दारातले लॉन आणि ताटातली भाजी

जळगाव-धुळ्याच्या नव्या वसाहतींत बंगल्यापुढे लॉन हवेच, असा रिवाज पडला आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांकडे सरकतो, नळाला पाणी दिवसाआड किंवा त्याहूनही उशिरा येते, तरी गवतावर पाइप धरलेला असतोच. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. या उन्हात गवतातून आणि मातीतून रोज निदान ५-६ मिलिमीटर पाणी उडून जाते. म्हणजे ५० चौरस मीटरच्या लॉनला रोज २५० ते ३०० लिटर! ताटात त्यातले काहीच येत नाही.

भाजीला पाणी कमी लागते, असे मात्र नाही. तेवढ्याच जागेत तिची तहान साधारण गवताइतकीच असते. पण गवत बारा महिने जगवावे लागते. भाजीचे चार वाफे पावसाळ्यात आणि थंडीत पिकवून कडक उन्हाळ्यात रिकामे ठेवता येतात.

प्रश्न शोभेचा नाही, रक्ताचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. आधीच्या सर्वेक्षणात हे प्रमाण ४८ टक्के होते. पोकळा, मेथी, शेवग्याचा पाला यांत लोह आणि फोलेट असते. पालेभाजीतले लोह शरीर थोडेच शोषते. लिंबू पिळले तर अधिक, जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी. खुडलेल्या भाजीतले ‘क’ जीवनसत्त्व उन्हातल्या हातगाडीवर झपाट्याने घटते. दारातली मेथी खुडून लगेच फोडणीला जाते. अर्थात, डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या भाजीच्या भरवशावर बंद करू नयेत.

‘परसबाग’ या शब्दातच भाजी घरामागे असते, असे धरलेले आहे. पुढे वांगी लावली तर घराची शोभा जाते म्हणे! जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे. ते दारात दिसले तर कमीपणा कसला? ‘उमेद’ अभियानातून गावोगावच्या बचत गटांनी पोषण परसबागा लावल्या. दोन्ही महापालिकांनी शहरी वसाहतींतही बियाणे आणि रोपे पोहोचवायला हवीत.

सुरुवात करणाऱ्यांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. धुण्याचे साबणाचे पाणी वाफ्यात सोडू नये. त्यातल्या सोडियममुळे काळी माती घट्ट होते. आणि भाजीसाठी भरून ठेवलेले पिंप उघडे राहिले, तर आठवडा-दहा दिवसांत त्यातून डेंग्यू पसरवणारे डास बाहेर पडतात.