आजीच्या लग्नाचा कागद कोठे शोधावा?



इस्लामपूर, शिराळा, आष्टा भागातील आपली शिकलेली मुले-मुली हल्ली एक प्रश्न वारंवार विचारतात. आजी-आजोबांच्या लग्नाची जुनी नोंद मोबाईलवर सापडेल काय? कोणाला जात पडताळणीसाठी नाते सिद्ध करायचे असते, कोणाच्या आईला माहेरच्या जमिनीत हिस्सा मागायचा असतो, तर कोणाला आपली वंशावळ लिहून काढायची असते. याचे सरळ उत्तर असे की, लग्नाचा दाखला बहुधा मिळणार नाही, पण लग्न झाल्याचा पुरावा मिळू शकतो. तो लग्नाच्या वहीत नसतो, भलत्याच वहीत असतो.

दाखला का मिळत नाही, हे आधी समजून घेऊ. इंग्रजी राज्यात पारशी लोकांच्या विवाहनोंदीसाठी १८६५ चा आणि ख्रिस्ती लोकांसाठी १८७२ चा कायदा होता. आपल्या आजा-पणजांची लग्ने मांडवात झाली, साक्षीला गाव होते, पण सरकारी वहीत ती कोणी लिहिली नाहीत. खुद्द बाबासाहेबांचेच पाहा. भायखळ्याच्या बाजारात रमाईंशी त्यांचे लग्न झाले, त्याचे साल कुठे १९०६ तर कुठे १९०८ छापलेले दिसते. त्यांचा दुसरा विवाह दिल्लीत नोंदणी पद्धतीने झाला. त्याची तारीख मात्र सगळीकडे एकच, १५ एप्रिल १९४८. एवढ्या मोठ्या माणसाच्या पहिल्या लग्नाची ही गत, तर आपल्या आजीची काय कथा!

फॅमिलीसर्च नावाचे एक अमेरिकन संकेतस्थळ आहे. त्यावर भारतातील १७९२ ते १९४८ या काळातील विवाहांची सूची फुकट पाहता येते. पण त्यातील बहुतेक नोंदी गोऱ्या साहेबांच्या आणि ख्रिस्ती मंडळींच्या, चर्चच्या रजिस्टरातून घेतलेल्या आहेत. आपल्या घराण्याची एखादी शाखा मिशनमध्ये गेली असेल तरच तेथे शोधावे. बाकीच्यांनी तेथे नाव सापडले नाही म्हणून निराश होऊ नये, आणि पैसे घेऊन 'दाखला काढून देतो' म्हणणाऱ्याच्या नादीही लागू नये.

आपल्याकडे विवाहनोंदणीसाठी १९५३ चा मुंबई कायदा आला. त्याच्या जागी १९९८ चा महाराष्ट्राचा कायदा आला. आता गावात ग्रामपंचायतीत आणि शहरात नगरपालिकेत नोंद होते. 'आपले सरकार' या संकेतस्थळावरून दाखल्यासाठी अर्जही करता येतो. परंतु मुळात नोंद केली असेल तरच दाखला निघतो. नोंद नाही म्हणून लग्न रद्द ठरत नाही, हेही पक्के ध्यानात ठेवावे. बौद्धांना लागू असलेल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातच तसे स्पष्ट म्हटले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर बौद्ध पद्धतीने लग्न लागले असेल, तर लग्न लावणाऱ्या बौद्धाचार्यांच्या वहीत किंवा भारतीय बौद्ध महासभेच्या शाखेत विवाह प्रमाणपत्राची स्थळप्रत आहे काय, याची चौकशी जरूर करावी.

आता भलत्या वहीकडे वळू. ती म्हणजे तलाठ्याची फेरफार नोंदवही. आपल्यापैकी अनेक घराण्यांकडे महार वतनाची जमीन होती. वतनदार मयत झाला की वारसांची नावे फेरफारात चढत. १९५८ च्या कायद्याने ही वतने खालसा झाली आणि जमिनी फेरदत्त करताना पुन्हा नावे लिहिली गेली. या जुन्या नोंदींत दोन शब्द नीट शोधा. एक 'कोम' आणि दुसरा 'भ्रतार'. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको आणि 'भ्रतार' म्हणजे नवरा. समजा 'सखू कोम रामनाक महार' असे लिहिलेले सापडले, तर सखू ही रामनाकची लग्नाची बायको, हे सरकारी दप्तराने लिहून ठेवले, असा त्याचा अर्थ. लग्नाची तारीख त्यात नाही, पण नाते आहे. कोर्टकचेरीत आणि पडताळणीत खरी गरज नात्याचीच असते.

शोधताना काही गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, आडनावावर विसंबू नये. जुन्या कागदांत आडनाव बहुधा नसते, नुसते नाव, बापाचे नाव आणि जात असते. दुसरी, जिल्हा चुकवू नये. वाळवा तालुका १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होता. मग दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. शिराळा हा पूर्वी वाळव्याचाच पेटा होता. इस्लामपूरची नोंद 'उरुण' या नावाखालीही सापडू शकते. तिसरी, लिपी. जुने कागद मोडीत असतील तर जाणकाराकडून वाचून घ्यावेत. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे आजीची दोन नावे. लग्नात नाव बदलण्याची रीत असल्याने माहेरची 'हौसा' सासरी 'लक्ष्मी' झालेली असते. एकाच नावाने शोधाल तर अर्धी आजीच सापडेल.

हे दुसरे नाव केवळ आठवणीपुरते नाही. अनुसूचित जातीच्या पडताळणीत १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वडिलांकडील पुरावा मागतात. लग्न झालेल्या स्त्रीलाही सासरचा नव्हे, माहेरचाच कागद द्यावा लागतो. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क दिला. पण माहेरची हौसा आणि सासरची लक्ष्मी एकच, हे दाखवणारा कागद नसेल तर भाऊबंद तिला सहज वाटेला लावतात. दोन नावे जोडणारा एक चिटोराही अशा वेळी सोन्याच्या मोलाचा ठरतो.

महसूल विभागाच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर जुने सातबारा आणि फेरफार स्कॅन करून ठेवले आहेत. यादीत आपला जिल्हा आणि गाव आहे काय, ते आधी पाहावे. नसेल तर इस्लामपूरच्या तहसील कचेरीतील अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करावा. गावाचे नाव, गट किंवा सर्व्हे नंबर आणि अंदाजे साल लिहिल्यास काम लवकर होते. टाळाटाळ झाली तर १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून माहितीच्या अधिकारात अर्ज टाकावा. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही लागत नाही.

आजोबा मुंबईला गिरणीत असतील तर प्रॉव्हिडंट फंडाच्या कागदात वारस म्हणून बायकोचे नाव असू शकते. कापड गिरण्यांना ही योजना १९५२ पासूनच लागू होती. पलटणीत असतील तर पेन्शनचे कागद आणि सेवापुस्तिका पाहावी. महार रेजिमेंटच्या जवानांचे दप्तर मध्य प्रदेशात सागर येथे आहे. आणि ट्रंकेच्या तळाशी पडलेली लग्नपत्रिका, आहेराची वही आणि जुने रेशनकार्ड कोणीही रद्दीत घालू नये. आहेराच्या वहीत तारीख असते, आणि माहेरच्या माणसांची नावे गावासकट असतात.

हे सारे शोधेपर्यंत एक काम मात्र आजच करता येईल. घरातल्या सर्वांत वयस्कर बाईजवळ वही घेऊन बसावे. तिचे माहेरचे नाव, आई-बापाचे नाव, माहेरचे गाव, लग्न कोठे आणि कोणाच्या हातून लागले, हे सर्व विचारून लिहावे. साल आठवत नसेल तर कोणत्या दुष्काळानंतर, धर्मांतराच्या आधी की नंतर, थोरला मुलगा केवढा असताना, असे खुणेने विचारावे. वहीवर तारीख घालून तिची सही किंवा अंगठा घ्यावा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. ही वही म्हणजे सरकारी दाखला नव्हे, पण कोणत्या कचेरीत कोणत्या नावाने शोधायचे हे तीच सांगेल.

आणि ज्यांच्या घरी यंदा मंगल परिणय आहे, त्यांनी नव्वद दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंद करावी आणि वधूची दोन्ही नावे अर्जात बरोबर लिहिली आहेत ना, ते पाहावे. आपल्याला आजीसाठी जे शोधावे लागते, ते आपल्या नातीला शोधावे लागू नये.

जयभीम!