मिनिटाला सहा

मल्लेश्वरममधल्या आमच्या घरी फुलं द्यायला येणारी बाई परवा दारातच थबकली. ह्यांच्याकडे बघून हळूच म्हणाली, "अळबेडी, सार." रडू नका. हे रडत नव्हते, पेपर वाचत होते. पार्किन्सनला ७ वर्षं झाली. चेहरा गोठल्यासारखा झालाय आणि डोळे सारखे गळतात. बघणाऱ्याला वाटतं, घरात काहीतरी झालंय.

हे पाणी कोरडेपणाचं आहे असं नेत्रतज्ज्ञ बाईंनी सांगितलं, तेव्हा मला ती थट्टाच वाटली. त्यांनी डोळ्यात पिवळा रंग सोडला आणि निळ्या उजेडात सेकंद मोजले. अश्रूंचा पातळ थर निदान १० सेकंद टिकायला हवा. ह्यांचा चौथ्या सेकंदाला फाटला. मग डोळा चुरचुरतो, आणि त्या चुरचुरीनं पाणी वाहतं. ते वाहून जातं, थर काही धरत नाही. तो पसरवायचं काम पापण्यांचं, आणि मेंदूतलं डोपामिन घटलं की पापण्या मिटणंच कमी होतं. आपण मिनिटाला साधारण १५-२० वेळा मिटतो. घरी येऊन ह्यांना न सांगता घड्याळ लावून मोजलं. सहा. पुन्हा मोजलं, पाच.

सात वर्षांत हे कुणी मोजलं नव्हतं. मेंदूचे डॉक्टर बोटं आपटायला लावतात, बोळातून चालवून बघतात. थरथरीसाठी ट्रायहेक्सिफेनिडिल दिली तेव्हा तोंडाला कोरड पडेल म्हणाले. तीच गोळी डोळेही सुकवते, हे राहून गेलं. आधीच्या नेत्रतज्ज्ञांनी दोनदा चष्मा बदलून दिला. कसली गोळी चालू आहे, हे त्यांनी विचारलं नाही. जेम्स पार्किन्सननं १८१७ साली निबंध लिहिला, त्याच्या नावातच कंप होता. आपल्याकडेही नाव कंपवात. सगळ्यांचं लक्ष हातांवर खिळलंय ते तेव्हापासून, असं मला वाटतं. थरथर बघता त्याच मिनिटात पापण्याही मोजा, एवढंच माझं म्हणणं आहे. त्याला यंत्र लागत नाही.

आणि थेंब लिहून देताना विचारा, घालणार कोण? प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब चांगले, पण ते इवल्याशा प्लास्टिकच्या कुप्यांत येतात. त्यांचं टोक पिळून तोडायचं. ते ह्यांच्या बोटांना जमत नाही. मान मागे जात नाही, म्हणून पलंगावर आडवं करून मीच घालते, दिवसातून चारदा. पहिला थेंब हमखास गालावर. संक्रांतीनंतर बंगळूरची हवा कोरडी पडली की पंखाही ह्यांच्या तोंडावरून वळवायचा. रात्री गरम पाण्यात पिळलेला रुमाल पापण्यांवर.

टीव्हीवर जाहिरात लागली की मी म्हणते, "अहो, मिटा."

"झोपलो की मिटेनच," हे म्हणतात, आणि माझ्या समाधानासाठी दोनदा मिटतात.