६० हजारांची पुडी
सर्दी-खोकल्याची साथ आली की औषधाच्या दुकानात ‘ड’ जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटची पुडी चिठ्ठीविनाच मागितली जाते. करोनाकाळाने पक्की केलेली ही सवय. तिच्यामागे शास्त्र अजिबात नाही, असे नव्हे. आपल्या संरक्षक पेशी या जीवनसत्त्वाला स्वतःच क्रियाशील रूप देतात. त्यातून कॅथेलिसिडिन हे जंतूंना आणि काही विषाणूंनाही मारक ठरणारे प्रथिन तयार होते.

प्रयोगशाळेतले हे यश माणसांत मात्र ओसरले. २०१७ साली २५ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात श्वसनसंसर्गापासून थोडे संरक्षण दिसले. तेही रोज किंवा आठवड्याला मात्रा घेणाऱ्यांत, आणि मुळात तीव्र कमतरता असलेल्यांत अधिक. एकदम दिलेल्या मोठ्या डोसाने काही साधले नाही. २०२५च्या सुधारित विश्लेषणात तर तो लाभ संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकलाच नाही.

एवढ्या उन्हाच्या देशात कमतरता आहे, हे खरे. हाडांसाठी ती भरून काढावीच. पण मनाने महिनोन्‌महिने पुड्या रिचवल्या तर रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांवर बेतू शकते. ही मात्रा चिठ्ठीशिवाय विकली जाऊ नये, याकडे अन्न व औषध प्रशासनाने लक्ष द्यायला हवे.