केसाएवढ्या फटीचं गणित



आजचा विषय जरा वेगळा आहे: गाडीच्या गिअरबॉक्समधल्या डिफरन्शियलची बेअरिंगं बदलणं. 'हा काय शाळेचा विषय झाला का सर?' असं तुम्ही म्हणाल. माझं मत असं, की हा विषय शाळेचाच आहे. तो आपण गॅरेजवाल्यावर सोडून दिला आणि मोजमापाचा धडा वहीतच राहिला. याचा तोटा गाडीवाल्यालाही होतो आणि मिस्त्रीलाही.

आधी डिफरन्शियल म्हणजे काय ते पाहू. समजा, अमरावतीच्या राजकमल चौकात तुम्ही गाडी काटकोनात वळवली. आतलं चाक कमी अंतर जातं, बाहेरचं जास्त. दोन चाकांमधलं अंतर १.३ मीटर धरा. वर्तुळाच्या पाव भागाचं सूत्र लावलं, तर बाहेरचं चाक सुमारे २ मीटर जास्त धावतं. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट बांधलेली असती, तर एक टायर रस्त्यावर घासत गेला असता. हा फरक सांभाळणारी दातेरी चाकांची जुळणी म्हणजे डिफरन्शियल. ओनेसिफोर पेकर या फ्रेंच कारागिराने १८२७ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी तिचं पेटंट घेतलं होतं.

जुन्या अँबॅसडरमध्ये ही जुळणी मागच्या एक्सलमध्ये असायची. १९८३ साली मारुती ८०० आली. तिची पुढची चाकं ओढतात, म्हणून तिचं डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या पेटीतच बसवलेलं. आज आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत हीच रचना आहे. पेटीत दोन बाजूंना दोन बेअरिंगं असतात आणि त्यांच्यावर डिफरन्शियल फिरतं. अनेक गाड्यांत ही बेअरिंगं निमुळत्या रोलरची असतात. हेन्री टिमकेन या बग्गी बनवणाऱ्या माणसाने १८९८ साली अशा बेअरिंगचं पेटंट घेतलं. बग्गी वळताना चाकावर बाजूने जोर येतो, तो पेलायला त्याने ही युक्ती काढली. गिअरचे दातेही तिरपे असतात, त्यामुळे तिथेही असाच बाजूचा जोर येतो.

बेअरिंग झिजलं की गाडी बोलू लागते. 'हूं...' असा घुमणारा आवाज वेगाबरोबर वाढतो. गाडी चालू असताना न्यूट्रल केली तरी तो थांबत नाही, कारण चाकं फिरताहेत तोवर डिफरन्शियल फिरतंच. चाकाचं बेअरिंगही असाच आवाज करतं, पण गाडी किंचित डावी-उजवी घेतली की बहुतेकदा त्याचा आवाज कमी-जास्त होतो. गिअर ऑइल काढल्यावर त्यात लोखंडाची चमचम दिसली, तर शंका आणखी पक्की होते.

आता आपल्या वऱ्हाडातलं नेहमीचं बोलणं ऐका. "आवाज येते, पण चालते ना बाप्पा! काहून खोलता?" राजेहो, चालते तोवर चालते. रोलर फुटला की तुकडे गिअरच्या दातांत जातात, पेटीला तडा जातो, आणि वाईटात वाईट म्हणजे भर वेगात पुढची चाकं जाम होऊ शकतात. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा एका लेनचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि गिनीज विक्रम झाला. त्याचा आपल्याला अभिमान आहे. मिनिटं मोजून बांधलेल्या त्या रस्त्यावर आपण गाडी मात्र अंदाजाने दुरुस्त करून पळवतो, हे मला पटत नाही.

यात अंदाज कुठे शिरतो, ते सांगतो.

ऑइल काढायचं, एक्सल काढायचे, गिअरबॉक्स खाली घ्यायचा, पेटी उघडायची. खरे कष्ट इथे आहेत. एवढं झाल्यावर पैसे वाचवायला पुढे तीन ठिकाणी हात आखडता घेतला जातो. एक, रोलर नवे घालतात, पण ते ज्या कपात फिरतात तो कप जुनाच ठेवतात. नवा रोलर जुन्या खड्ड्यांवर फिरला की लवकर मरतो. दोन, एकाच बाजूचं बेअरिंग बदलतात. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, कपामागे बसणारी पातळ चकती, म्हणजे शिम, जुनीच बसवतात. मोजत कोणी नाही.

निमुळत्या बेअरिंगला सैल ठेवून चालत नाही. त्याला दोन्ही बाजूंनी थोडा दाब लागतो. किती, ते कंपनीच्या पुस्तकात दिलेलं असतं. दाब कमी पडला तर डिफरन्शियल हलतं, दाते नीट भिडत नाहीत, आवाज परत येतो. जास्त झाला तर बेअरिंग तापून जळतं. हा दाब ठरतो शिमच्या जाडीवर, आणि तिथे हिशोब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा असतो.

इथेच प्रसरणाचा धडा आठवा. गिअरबॉक्सची पेटी ॲल्युमिनिअमची, आतलं डिफरन्शियल पोलादाचं. एक अंश तापमान वाढलं की ॲल्युमिनिअम दर मीटरला सुमारे २३ मायक्रॉन वाढतं, पोलाद सुमारे १२. समजा, दोन बेअरिंगांमधलं अंतर १५० मिलिमीटर आहे आणि पेटी ६० अंशांनी तापली. ०.१५ गुणिले ११ गुणिले ६०, म्हणजे ९९ मायक्रॉन. जवळपास ०.१ मिलिमीटर, साधारण एका केसाच्या जाडीएवढं! थंड असताना नुसतं 'बरोबर बसलं' वाटणारं बेअरिंग गाडी तापल्यावर सैल पडू शकतं, ते यामुळेच. अकोल्याच्या मे महिन्यात पेटी किती तापत असेल, तुम्हीच विचार करा.

काही जण म्हणतील, "उस्तादच्या हाताला कळते." ते खरंही आहे. वीस वर्षं काम केलेला मिस्त्री नुसत्या आवाजावरून दोष ओळखतो. ती विद्याच आहे आणि मी तिला नमस्कार करतो. पण दोष ओळखणं वेगळं आणि शंभरावा भाग मोजणं वेगळं. त्याला डायल गेज हवा, टॉर्क पाना हवा, कंपनीचं पुस्तक हवं. हे त्याच्याकडे नसेल, तर आपणही विचारलं पाहिजे, की मापाने केलेल्या कामाची मजुरी आपण कधी दिली? घासाघीस करून तर आपणच त्याला अंदाजाकडे ढकलतो. गाडी फार जुनी असेल, तर चांगल्या स्थितीतला जुना गिअरबॉक्स आख्खा बदलणं हाही मार्ग आहे. पण एवढं सगळं खोलून अर्धवट काम करणं सर्वांत महाग पडतं.

आता शाळेबद्दल. अकरावीच्या प्रात्यक्षिकात स्क्रू गेज येतो. त्याचं लघुत्तम माप ०.०१ मिलिमीटर. मुलं त्याने तारेची जाडी मोजतात, वहीत लिहितात, सही घेतात आणि विसरतात. त्याच स्क्रू गेजने शिमची जाडी मोजता येते! एखादी जुनी शिम, एखादं फुटकं बेअरिंग गॅरेजातून मागून आणून प्रयोगशाळेत ठेवलं तर काय बिघडेल? शिवाय आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. "गणित जमत नाही, तर पोट्ट्याले आयटीआयले टाका" असं आपण म्हणतो. राजेहो, उलटं आहे. ज्याला गणित कळतं, त्यानेच तिथे जावं, असं हे काम आहे.

तेव्हा पालकहो, पुढच्या वेळी गिअरबॉक्स उघडला, की मिस्त्रीला तीन प्रश्न विचारा: कप बदलला का? दोन्ही बाजू बदलल्या का? दाब मोजला का? आणि त्याने 'हो' म्हणून माप दाखवलं, तर मजुरीत एक रुपयाही कमी करू नका.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय: वरचं प्रसरणाचं गणित ७० अंशांसाठी करून पाहा. उत्तर मायक्रॉनमध्ये लिहा.