विश्लेषण : व्हिडिओ कॅसेटवर संगणकाचा बॅकअप कसा घेतला जाई? नंदुरबारसाठी तो धडा का महत्त्वाचा?

सरदार सरोवरामुळे बाधित झालेली महाराष्ट्रातील ३३ गावे नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील. १९९०च्या दशकात सभा, सण, लग्ने यांचे चित्रण व्हिडिओ कॅसेटवर होत असे. गावे बुडाली; कॅसेटवरच्या खुणा उरल्या. पण त्या वाचायच्या कशा? हीच अडचण संगणकाच्या जगाने याच कॅसेटबाबत अनुभवली आहे.

कॅसेटवर डेटा कसा साठवत?

संगणकात एक कार्ड बसवून ते व्हीसीआरला जोडत. कार्ड फाइलमधील शून्य-एकचे रूपांतर टीव्हीच्या चित्रात करी. व्हीसीआरच्या दृष्टीने तो एक सिनेमाच. पडद्यावर मात्र फक्त काळे-पांढरे ठिपके दिसत. कॅसेट पुन्हा चालवली की कार्ड त्या ठिपक्यांवरून फाइल तयार करी. टेपवरील ओरखड्यांमुळे चूक होऊ नये म्हणून जादा माहितीही नोंदवली जाई.

किती डेटा मावे?

रशियात १९९२ मध्ये आलेल्या ‘आरविद’ कार्डाच्या साह्याने तीन तासांच्या कॅसेटवर सुमारे २ जीबी डेटा मावे. घरगुती संगणकाची हार्ड डिस्क तेव्हा शे-दोनशे एमबीची असे. म्हणजे स्वस्तातला मोठा बॅकअप.

मग ते मागे का पडले?

वेग कमी होता. हवी ती फाइल शोधायला टेप पुढे-मागे फिरवावी लागे. सीडी आणि स्वस्त हार्ड डिस्क आल्यावर गरज संपली. कॅसेट शाबूत असली, तरी तेच कार्ड, तेच सॉफ्टवेअर आणि चालू व्हीसीआर नसेल तर डेटा निरुपयोगी. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबवले.

टेप कालबाह्य झाली का?

नाही. आजच्या ‘एलटीओ-९’ टेपवर १८ टीबी डेटा मावतो. कपाटात ठेवलेली टेप नेटवर्कला जोडलेली नसल्याने सायबर हल्लेखोर तिच्यापर्यंत पोहोचू शकत नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये काही जीमेल खात्यांतील गायब झालेले मेल गुगलने टेपवरूनच परत आणले.

नंदुरबारकरांनी काय करावे?

आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांचा ‘अ नर्मदा डायरी’ (१९९५) हा माहितीपट आजही पाहता येतो. कार्यकर्ते, शाळा, कुटुंबे यांच्याकडच्या कॅसेटना तसा वाली नाही. दमट हवेत टेपला बुरशी लागते. अशी टेप साफ न करता चालवल्यास टेप आणि व्हीसीआर दोन्ही खराब होतात. चालू व्हीसीआर मिळतो आहे तोवर कॅप्चर कार्ड लावून त्या डिजिटल करून घ्याव्यात. एका तासाच्या चित्रणाला साधारण २ जीबी जागा पुरते.

त्यानंतर तीन प्रती ठेवाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या गावी असावी. सातपुड्यातील अनेक पाड्यांवर इंटरनेट कमकुवत असल्याने केवळ क्लाउडच्या भरवशावर राहणे धोक्याचे. वर्षातून एकदा प्रत्येक प्रत उघडून पाहावी. जो उघडत नाही, तो बॅकअप नव्हे.