पाणी यायच्या आधी : उधन्याच्या तळमजल्यावाल्यांचा जाहीरनामा

आम्ही सुरतेतल्या उधना, पांडेसरा, डिंडोली, लिंबायतची माणसं. निम्मीशिम्मी जळगाव, धुळे, नंदुरबारहून गाडीने उधन्याला उतरलेली. तापी आमच्याही आधी इकडे आलेली. गावाकडे हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की भुसावळचा मामा फोन करतो. तेच पाणी प्रकाशावरून उकाई धरणात आणि तिथून सुरतेला येतं. नदीच्या पुराची वर्दी आम्हाला अशी घरबसल्या, अहिराणीत मिळते.

ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं आणि रांदेर-अडाजणसह बहुतेक सुरत बुडाली. त्यानंतर शहर बरंच शहाणं झालं, हे कबूल. पण ते शहाणपण नदीकडे तोंड करून बसलं आहे. आमचं भय पाठीमागे आहे : खाडी.

वरच्या अंगाला पलसाणा-कामरेजकडे रात्रभर झोडपलं की सकाळी मिठी खाडी, भेदवाड खाडी फुगलेल्या असतात. पुढे समुद्राला भरती असली तर पाणी उतरायचं नाव घेत नाही. जून २०२५ मध्ये हेच झालं. उकाई भरायला तेव्हा बराच अवकाश होता. मामाचा फोन अशा वेळी कामाचा नाही. वेळ हातात मोजक्या तासांचा.

त्या तासांत काय होतं? सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज पडतो. ग्रुपमध्ये घरमालक असतात, आणि त्यातले कित्येक राहतात भलतीकडेच. तळमजल्यावरचा भाडेकरू लूमच्या खात्यातून रात्रपाळी करून आलेला, दार लावून झोपलेला. रेशनकार्ड आणि पोरांचे दाखले खाटेखालच्या पत्र्याच्या पेटीत. जिन्याखाली वीजमीटर, गुडघाभर उंचीवर. गच्चीला कुलूप, किल्ली मालकाकडे. आमच्या मते पुराची निम्मी हानी या जिन्याखालीच ठरते.

म्हणून आमचं म्हणणं असं. डिपॉझिट घेतलं त्याच दिवशी भाडेकरूचा नंबर ग्रुपमध्ये गेला पाहिजे. मीटर मागच्या पुराच्या खुणेपेक्षा हातभर वर बसवायचा आणि खर्च मालकाने सोसायचा; भाडं तो घेतो, वायरही त्याचीच. जून ते सप्टेंबर गच्चीला कुलूप नाही. इशारा गुजरातीत द्याच, पण मराठी, हिंदी, ओडिया, तेलुगूतही द्या, आणि भोंग्यावरून द्या, कारण झोपलेला माणूस मोबाइल बघत नाही. शिवाय प्रत्येक गल्लीत एका भिंतीवर पाणी कुठवर चढलं ते ऑइलपेंटने, साल घालून रंगवायचं. खोलीचा भाव पडतो म्हणून अशा खुणा पुसल्या जातात. यापुढे पुसलेली खूण आम्ही पुन्हा रंगवू, मालकाने आरडाओरडा केला तरी.

खाडीत प्लास्टिक आणि चिंध्या टाकणारे आपणही आहोत, हे महापालिकेच्या झोन ऑफिसवर मोर्चा नेण्याआधी बोलून टाकू. मोर्चा मात्र नेऊच : खाडीतला गाळ पावसाआधी निघाला पाहिजे, आणि तो काठावर न ठेवता उचलला पाहिजे. काठावरचा गाळ पहिल्याच सरीत परत आत.

भूकंपाचंही ऐका. २६ जानेवारी २००१ ला केंद्र कच्छमध्ये होतं, तरी सुरतेत इमारती पडल्या, माणसं गेली. दुकान काढायला तळमजल्याची भिंत फोडणारा आणि वर बिनपरवाना मजला चढवणारा, दोघांनाही आम्ही विचारणार.

आणि पाणी ओसरल्यावरचं. दक्षिण गुजरातेत लेप्टोस्पायरोसिस पावसाळ्याबरोबर येतो. उंदरांच्या मुतानं खराब झालेल्या चिखलात अनवाणी उतरायचं नाही; ताप आला तर मेडिकलवरून गोळी आणून पाळीवर जायचं नाही, दवाखाना गाठायचा. १९९४ ला पूर ओसरल्यावर प्लेगच्या धास्तीने सुरत ओस पडली होती आणि उधना स्टेशनवर पाय ठेवायला जागा नव्हती, ते आजही जुनी माणसं सांगतात.

आम्ही वर्गणी घेणार नाही, बॅनरवर कुणाचा फोटो लावणार नाही. ज्या गल्लीला सामील व्हायचंय तिने पहिल्या सभेला तीन जण पाठवावेत : एक भाडेकरू बाई, एक रात्रपाळीवाला, एक घरमालक. सभा रविवारी दुपारी, म्हणजे दोन्ही पाळ्यांना जमेल. नुसते घरमालक आले तर सभा भरवणार नाही.