लालबागच्या चाळीत नेट का अडतं?

आपल्या तालुक्यातली कितीतरी पोरं लालबाग-परळच्या चाळीतल्या खोलीतून ऑफिसचं काम करतात. नेट तुटलं की महागडा राउटर येतो, दुखणं तसंच राहतं. आधी लॅपटॉपला केबल लावून बघा. केबलवर नेट नीट चाललं, तर दोष कंपनीचा नाही, वायफायचा.

चाळीत भिंतीला भिंत, घरोघरी वायफाय. 2.4 गिगाहर्ट्झवर एकमेकांत न घुसणारे चॅनेल तीनच: 1, 6 आणि 11. पॉवर वाढवली, तर शेजाऱ्याचंही बिघडतं. त्यापेक्षा 5 गिगाहर्ट्झ वापरा. नळाच्या पाण्यासारखे चॅनेलही चाळीनं वाटून घ्यावेत.

गावच्या घरचा कॅमेरा मुंबईत दिसत नाही? गावच्या राउटरचा वॅन आयपी 100.64 ते 100.127 मध्ये असेल, तर पोर्ट फॉरवर्डिंग व्यर्थ. कंपनीकडं पब्लिक आयपी मागा.